डॉट-ए की डॉट-ओ

माझा भाऊ युनिक्सवर वाढला आणि माझी मुलगी मायक्रोकंट्रोलरवर. दोघंही सी लिहितात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं. मी पॉलिटेक्निकमध्ये सी शिकवत आले, त्यामुळे दोघांचं भांडण मला कळतं. मिटवता येतं असं मात्र नाही.

भांडणाचा विषय साधा दिसतो. एखाद्या प्रकल्पात डिरेक्टऱ्या असतात : कोअर, प्रोटोकॉल, ड्रायव्हर, टूल्स. प्रत्येकीत सीच्या फाइली, आणि त्या कंपाइल झाल्या की डॉट-ओ, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली. शेवटी या सगळ्यांतून एकच प्रोग्राम निघायचा आहे. मधे काय करायचं? डिरेक्टरीगणिक डॉट-ओ एकत्र बांधून एकेक डॉट-ए, म्हणजे स्टॅटिक लायब्ररी करायची आणि त्या लायब्रऱ्या लिंकरला द्यायच्या, हा मामाचा धर्म. सगळ्या डॉट-ओ थेट लिंकरपुढे ठेवायच्या, मधली बांधाबांध नकोच, हा भाचीचा.

भाची : मामा, लायब्ररी कुणासाठी असते? दुसऱ्यानं वापरावी म्हणून. आमची प्रोटोकॉल डिरेक्टरी आमच्याच प्रोग्रामात जाते, दुसरीकडं कुठंच नाही. मग तिची लायब्ररी कशाला करायची? डॉट-ओ आहेत, त्या दिल्या, विषय संपला.

मामा : आणि लिंकरच्या ओळीवर शेकडो नावं?

भाची : ती मी थोडीच टाइप करते! मेक करतं.

मामा : नावांच्या लांबीचं मला काही नाही गं. पण सगळ्या डॉट-ओ एका ओळीत दिल्यास की कुणीही कुणालाही हाक मारायला मोकळं. उद्या कोअरनं ड्रायव्हरमधलं फंक्शन वापरलं तर तुला कळणार कसं? लिंक तर होणारच. लायब्रऱ्या केल्यास की त्यांचा क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावायला बसलं की कोण कुणाच्या जिवावर जगतंय ते उघडं पडतं.

क्रमाची ही गोष्ट वर्गात दरवर्षी कुणाला तरी रडवते, म्हणून थोडं थांबते. जुन्या पद्धतीचा लिंकर आपली ओळ डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. डॉट-ओ आली की ती अख्खी घेतो, आणि तिनं वापरलेली पण अजून कुठंच न सापडलेली नावं यादीत टिपतो. डॉट-ए आली की फक्त एवढंच पाहतो : यादीतल्या एखाद्या नावाची व्याख्या हिच्या आतल्या कुठल्या फाइलीत आहे का? असेल तर तेवढी फाइल उचलतो, तिच्या नव्या गरजा यादीत घालतो आणि पुन्हा त्याच लायब्ररीत शोधतो. काही हाती लागेनासं झालं की पुढची लायब्ररी. मागच्या लायब्ररीकडे परत येत नाही. म्हणून वापरणारी आधी आणि वापरली जाणारी नंतर असं लिहावं लागतं. उलटं झालं की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, आणि विद्यार्थी शपथेवर सांगतो की मॅडम, फंक्शन लायब्ररीत आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. असतंच ते.

मामा : पंगतीत भाजीचा वाढपी पुढं निघून गेल्यावर तू पानावर बसलीस, तर पान कोरडंच राहणार. तू आधी बसायला हवं होतंस, किंवा त्यानं दुसरी फेरी मारायला हवी.

भाची : आणि दुसरी फेरी मारायला लावतातच की लोक. तीच लायब्ररी ओळीवर दोनदा लिहितात. नाहीतर स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपच्या मधे सगळ्या कोंबतात आणि लिंकरला सांगतात, फिर म्हणावं गोल गोल. मग कुठं राहिली तुझी शिस्त?

मामा : स्टार्ट-ग्रुप दिसला की मला तो कबुलीजबाब वाटतो. आमच्या दोन लायब्रऱ्या एकमेकींत अडकल्यात आणि सोडवायला आम्हाला वेळ नाही, असा. जॉन लेकॉसनं 1996 च्या पुस्तकात मोठ्या सी-प्लस-प्लस प्रकल्पांबद्दल हेच कळकळीनं मांडलं. घटकांना पातळ्या असाव्यात, खालच्यानं वरच्याकडं बघू नये, चक्र झालं तर दोन्ही घटक वेगळे तपासताच येत नाहीत. ते चक्र लिंकर तुला फुकटात दाखवतो.

भाची : फुकटात दाखवत होता. एलएलव्हीएमचा लिंकर, एलएलडी, मागं पडलेल्या लायब्ररीतली नावं लक्षात ठेवतो. पुढं कुणाला लागली तर मागून आणून देतो. क्रम उलटा असला तरी लिंक होतं. सीमेक तर स्वतःच क्रम लावतं आणि स्टॅटिक लायब्रऱ्यांत चक्र असेल तर त्यांची नावं ओळीवर पुन्हा लिहितं. लिंकर बदलला की शिस्त गेली. असल्या शिस्तीला काय अर्थ?

मामा : त्याच एलएलडीला वॉर्न-बॅकरेफ्स नावाचा पर्याय आहे. कुणी मागं वळून काही उचललं की तो ओरडतो. असा पर्याय कुणाला तरी हवा होता म्हणूनच आला ना?

इथे भाची गप्प झाली. दादा या गप्प बसण्याचा लगेच फायदा घेतो, तसा त्यानं घेतला आणि जुन्या दिवसांत शिरला. डॉट-ए बांधणारा एआर हा प्रोग्राम 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून आहे. सुरुवातीला लायब्ररीच्या आत कुठलं नाव कुठल्या फाइलीत आहे याची सूचीच नसे. त्यामुळे लिंकर आतल्या फाइलीही ओळीनंच वाचायचा आणि त्यांचाही क्रम नीट लागलेला असावा लागे. त्यासाठी एल-ऑर्डर नावाचा प्रोग्राम ‘ही फाइल त्या फाइलीवर अवलंबून’ अशा जोड्या काढून द्यायचा आणि टी-सॉर्ट त्या जोड्यांतून एक सरळ रांग लावायचा. पुढे रॅनलिबनं सूची आणली, मग ती एआरच करू लागला आणि आतल्या रांगेची गरज संपली. टी-सॉर्ट मात्र आजही जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो. तो आला कशासाठी हे फार कमी जणांना माहीत असतं.

भाची : झालं इतिहासपुराण? आता माझ्या टेबलावरची गोष्ट ऐक. आमचं काम कंट्रोलरवर चालतं. तिथं ऑपरेटिंग सिस्टिम नाही, डायनॅमिक लायब्ररी नाही. जे काही आहे ते एका इमेजमध्ये, फ्लॅशमध्ये. सुरुवातीच्या फाइलीत सगळ्या इंटरप्टांची कोष्टकं असतात आणि प्रत्येक इंटरप्टला एक बदली हँडलर दिलेला असतो, वीक म्हणून. त्यात काही नसतं, नुसतं अनंत लूप. तू त्याच नावाचं खरं फंक्शन लिहिलंस की वीकच्या जागी ते बसतं.

मामा : माहीत आहे.

भाची : माहीत आहे ना? मग तेच खरं फंक्शन ड्रायव्हरच्या डॉट-एमध्ये टाक. काय होईल?

मामा विचारात पडला. मी पडले नाही, कारण मला उत्तर आधीच सांगितलं गेलं होतं.

भाची : लिंकरच्या दृष्टीनं त्या नावाची व्याख्या सापडलेली आहे! वीक असली तरी व्याख्याच. त्यामुळे ते नाव यादीत नाही. यादीत नाही म्हणून तो त्या नावासाठी डॉट-ए उघडणारच नाही. त्या फाइलीतलं दुसरं एखादं फंक्शन कुणाला लागलं तर फाइल आत येईल आणि खरा हँडलर बसेल. नाही लागलं तर नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. बोर्ड चालू होतो, टायमर पहिला इंटरप्ट देतो आणि सगळं त्या अनंत लूपमध्ये जाऊन बसतं. डिबगर लावल्याशिवाय कळत नाही. डॉट-ओ थेट दिली असती तर ती अख्खी आत आली असती आणि हा प्रश्नच आला नसता.

मामा : मॅप फाइल बघायची.

भाची : बघतो की, रडून झाल्यावर. आणि मजा अशी की कुणीतरी त्या फाइलीत भलतंच एखादं फंक्शन लिहितं, ते बाहेरून वापरलं जातं आणि इंटरप्ट चालायला लागतो. पुढच्या महिन्यात दुसरा माणूस ते फंक्शन हलवतो आणि इंटरप्ट बंद. कारण शोधून सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नाहीच.

हे तिचं सगळ्यात वजनदार अस्त्र आहे असं माझं मत, आणि ते फक्त इंटरप्टपुरतं नाही. जी फाइल स्वतःची नोंद स्वतः करते, म्हणजे सी-प्लस-प्लसमध्ये एखादं ग्लोबल ऑब्जेक्ट आपल्या कन्स्ट्रक्टरमधून ‘मी आलो’ म्हणून यादीत नाव घालतं, त्या सगळ्यांची हीच गत. तिला कुणी नावानं हाक मारत नाही, म्हणून लिंकर तिला लायब्ररीतून काढत नाही, म्हणून तिची नोंद होत नाही. उपाय आहे : होल-आर्काइव्ह हा पर्याय दिला की लिंकर त्या डॉट-एमधलं सगळं निमूट घेतो. पण मग भाची विचारते की सगळंच घ्यायचं होतं तर गाठोडं बांधलं कशाला. सीमेकमध्ये 2.8.8 पासून ऑब्जेक्ट लायब्ररी नावाचा प्रकार आहे. नाव लायब्ररी, पण डॉट-ए तयार होत नाही, नुसती डॉट-ओंची मोट. तो प्रकार तिच्यासारख्यांच्याच त्राग्यातून आला असावा असं मला वाटतं.

मामा : बरं, तुझा इंटरप्ट मान्य. पण लिंकर नको ते उचलत नाही, हाच तर डॉट-एचा गुण आहे. माझ्याकडं गणिताची शंभर फंक्शनं आहेत, तुझ्या प्रोग्रामला चार लागतात. चारच येतील.

भाची : चार फंक्शनं नाही, चार फाइली. एका फाइलीत तीस फंक्शनं असतील तर तीसही येतात. म्हणून तर मस्लसारखी सी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक फंक्शनला वेगळी फाइल देते. आणि आता फंक्शनगणिक वेगळा सेक्शन करून लिंकरला न लागणारे सेक्शन झाडून टाकायला सांगता येतं. ते डॉट-ओंवरही तितकंच चालतं.

मामा : टेस्ट करताना खऱ्या फंक्शनच्या जागी खोटं बसवायचं असतं. खोट्याची डॉट-ओ आधी दिलीस की डॉट-एमधलं खरं उचललंच जात नाही. मायकेल फेदर्सनं 2004 मध्ये जुन्या कोडवरच्या पुस्तकात ही जागा नीट दाखवलीय.

भाची : हो, आणि त्या खऱ्या फाइलीत आणखी एक फंक्शन असतं, ते लागतं, फाइल आत येते आणि मल्टिपल डेफिनिशन! शिवाय हेच उलट बाजूनं बघ. दोन डिरेक्टऱ्यांत दोघांनी चुकून एकाच नावाचं फंक्शन लिहिलं. डॉट-ओ दिल्या तर लिंकर तिथल्या तिथं अडतो. डॉट-ए दिल्या तर पहिली सापडलेली व्याख्या घेतो आणि दुसरीबद्दल बहुतेक वेळा अवाक्षर काढत नाही. तुझी लायब्ररी चूक झाकते, मामा.

या मुद्द्यावर दादानं चहा मागितला. चहा येईपर्यंत तिनं आणखी दोन किरकोळ तक्रारी सांगून टाकल्या. एक म्हणजे, एआर जुन्या डॉट-एमध्ये भर घालतो, काढत नाही. सीची फाइल पुसली तरी तिची डॉट-ओ लायब्ररीत तशीच राहते आणि प्रोग्राम मेलेल्या फाइलीवर चालत राहतो. म्हणून शहाणे लोक आधी डॉट-ए पुसतात आणि मग नव्यानं बांधतात. दुसरी म्हणजे, साध्या डॉट-एमध्ये फाइलीचं नुसतं नाव राहतं, डिरेक्टरी नाही. दोन डिरेक्टऱ्यांत यूटिल नावाच्या दोन फाइली असल्या आणि एकीमागून एक भरल्या, तर दुसरी पहिलीच्या जागी बसते. दादानं दोन्ही मान्य केलं. या दोन्ही चुका करूनच माणूस युनिक्स शिकतो, असंही तो म्हणाला, आणि ते त्याला समर्थन वाटलं.

भाची : खरा घोटाळा मेकमध्ये आहे. प्रत्येक डिरेक्टरीत एक मेकफाइल, वरची मेकफाइल आत उतरून एकेकीला चालवते. प्रत्येकीला आपल्यापुरतंच दिसतं. प्रोटोकॉलमधली हेडर बदलली हे टूल्सला कळतच नाही. वर तुम्ही लोक लिंकरच्या ओळीवर नुसतं डॅश-एल प्रोटोकॉल लिहिता. मेकला त्यात फाइल दिसत नाही, नुसता पर्याय दिसतो. लायब्ररी नवी झाली तरी प्रोग्राम पुन्हा लिंक होत नाही. मग क्लीन करा, सगळं पुन्हा बांधा आणि जेवायला जा.

मामा : तो मेकचा दोष नाही. लायब्ररीचा पूर्ण पाथ दे. ऑटोमेकमध्ये एलडी-अ‍ॅडमध्ये डॉट-एचा पाथ लिहिलास की ते तिला प्रोग्रामची पूर्वअट समजतं. डॅश-एल लिहिलंस तर ते गाळून टाकतं. आणि एलडी-फ्लॅग्जमध्ये लायब्ररी घालणाऱ्यांना तर मी उभं करीन. ते पर्याय ओळीवर डॉट-ओंच्या आधी येतात. अजून कुणाची गरजच निर्माण झालेली नाही, तोवर लायब्ररी येऊन गेली!

भाची : म्हणजे पंगत.

मामा : पंगतच.

स्टुअर्ट फेल्डमननं बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं ते 1976 मध्ये. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी पीटर मिलर या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनं भाचीच्या तक्रारीवर अख्खा निबंध लिहिला. तो 1998 मध्ये तिथल्या युनिक्स वापरणाऱ्यांच्या नियतकालिकात आला. त्याचं म्हणणं असं : मेकच्या डोक्यात कोण कुणावर अवलंबून आहे याचा एक आलेख असतो. डिरेक्टरीगणिक तो आलेख फाडला की प्रत्येक तुकडा बरोबर आणि सगळं मिळून चूक. म्हणून एकच मेक चालवा, प्रत्येक डिरेक्टरीनं आपला तुकडा त्यात घालावा. भाची या निबंधाचं नाव आदरानं घेते.

मामा : तुझा मिलर शहाणा. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रकल्पांपैकी एक, लिनक्स कर्नल, आजही डिरेक्टरीत उतरत उतरत मेक चालवतो. आणि प्रत्येक डिरेक्टरीत डॉट-ए करतो.

भाची : कसली डॉट-ए, तेही सांग ना! आधी प्रत्येक डिरेक्टरीच्या डॉट-ओ लिंकरनं जोडून एक मोठी डॉट-ओ करायचे, बिल्ट-इन नावाची. नंतर त्यांनी थिन आर्काइव्ह घेतलं. त्यात कोड नसतोच, फाइली कुठं आहेत ते पाथ आणि नावांची सूची एवढंच. 2018 मध्ये त्या फाइलीचं नावही बदलून डॉट-ए केलं. आणि शेवटच्या लिंकमध्ये ती देतात होल-आर्काइव्हखाली. म्हणजे सगळंच्या सगळं आत. ही माझी डॉट-ओंची यादी झाली, तुझी लायब्ररी नव्हे.

मामा : पण त्याच कर्नलमध्ये लिब-वाय असं वेगळं लिहिलं की खरी लायब्ररी होते, लिब डिरेक्टरीत आणि प्रोसेसरगणिकच्या लिब डिरेक्टरीत. त्यातलं लागेल तेवढंच घेतात.

भाची : आणि ती स्टार्ट-ग्रुपमध्ये घालून देतात! कुणाचा कबुलीजबाब म्हणालास?

दादा हसला. मला इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, जी दोघांपैकी कुणाच्याच बाजूची नाही. कर्नलमध्ये ऑब्जेक्टांचा क्रम निव्वळ नीटनेटकेपणासाठी नसतो. मेकफाइलमध्ये डॉट-ओ ज्या क्रमानं लिहिल्या त्या क्रमानं त्यांची सुरुवातीची फंक्शनं चालतात. कर्नलच्या दस्तऐवजांत इशाराच दिलाय की हा क्रम बदललात तर स्कझी कंट्रोलर ओळखले जाण्याचा क्रम बदलेल आणि डिस्कांची नावं बदलतील. तिथे लिंकची ओळ हा प्रोग्रामचाच भाग आहे. असं असताना फाइल उचलायची की नाही हे लिंकरवर सोपवणं त्यांना परवडणारच नव्हतं. उलट, अक्षरमाळा जुळवणारी साधी फंक्शनं कुणाला लागतील तेव्हाच यावीत, हे चालतं. ज्या फाइलीचं नुसतं असणं हेच काम आहे ती डॉट-ओ म्हणून द्यावी, आणि जिला कुणीतरी हाक मारल्यावरच काम आहे ती डॉट-एमध्ये ठेवायला हरकत नाही. डिरेक्टरीच्या भिंती या फरकावरून पडतातच असं नाही.

बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्यांचा हिशेब निराळा, त्यात मी शिरत नाही. 2002 मध्ये झेडलिबमध्ये एकच मेमरी दोनदा सोडण्याची चूक सापडली, तेव्हा ज्यांनी ती स्टॅटिक जोडली होती त्या सगळ्यांना आपापले प्रोग्राम पुन्हा बांधावे लागले. घरच्या डिरेक्टऱ्यांना ती भीती नाही. कोअर बदलला तर प्रोग्राम बांधायचाच असतो.

मामा : तू सुरुवातीला म्हणालीस, दुसरा कुणी वापरणारा नाही म्हणून लायब्ररी नको. तुझ्या टेस्ट कुठं चालतात?

भाची : लॅपटॉपवर. बोर्डवर कोण चालवणार रोज?

मामा : त्या काय लिंक करतात?

भाची : कोअर आणि प्रोटोकॉल. लॅपटॉपच्या कंपायलरनं बांधलेले.

मामा : मग झाला की दुसरा वापरणारा.

भाची : हो, पण बोर्डच्या डॉट-ए लॅपटॉपवर चालत नाहीत. प्रोसेसर वेगळा. दोनदा बांधावंच लागतं.

मामा : दोनदा बांध. पण कोअर आणि प्रोटोकॉल दोन्हीकडं लायब्ररी म्हणून बांध. एकाच व्याख्येतून.

भाची : आणि ड्रायव्हर?

मामा : ड्रायव्हर दे तुझ्या डॉट-ओ. इंटरप्ट आहेत त्यात.

भाची : हे तू म्हणतोयस?

मामा : मी म्हणतोय. पण मग बोर्डच्या बिल्डमध्ये कोअरनं ड्रायव्हरला हाक मारली तर ती अडवणार कोण? ड्रायव्हरच्या डॉट-ओ तर सगळ्यांच्या आधी अख्ख्या आत आलेल्या असणार. क्रम कितीही नीट लावलास तरी लिंकर काही बोलणार नाही.

भाची : बोर्डच्या बिल्डमध्ये नाहीच बोलणार. लॅपटॉपच्या बिल्डमध्ये बोलेल. तिथं ड्रायव्हर डिरेक्टरी मी लिंकला देतच नाही. ज्या टेस्टनं कोअरची ती फाइल ओढून घेतली, तिथं अनडिफाइन्ड रेफरन्स.

मामा : आणि ज्या फाइलीला टेस्टच नाही, ती डॉट-एमधून उचललीच जाणार नाही. मग?

भाची : मग टेस्टच्या लिंकला कोअर होल-आर्काइव्हखाली देते.